सामुराईच्या वाड्यात व्यापाऱ्याची बैठक

जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या कानाझावा शहरात नागामाची नावाची जुनी वस्ती आहे. मातीच्या पिवळसर भिंती, त्यांच्यामधून वळत जाणारे अरुंद रस्ते, कडेने वाहणारा ओनोशो कालवा. तिकीट काढून आत जाता येईल असा इथला सगळ्यात नावाजलेला वाडा नोमुरा घराण्याचा. दारातून आत शिरताच चिलखत दिसतं. पुढे काचेआड एक जुनं पत्र आहे, असाकुरा सरदाराकडून आलेलं. लढाईत शत्रूपक्षाचा एक मोठा असामी मारून त्याचं शिर आणून दिल्याबद्दल त्यात आभार मानलेत, तेही आपण लग्नाच्या आहेराची पोच द्यावी इतक्या शिस्तीत. मग येते वाड्याची खरी श्रीमंती: एका पायरीने उंच केलेली मानाची बैठक, वर हिनोकी लाकडाच्या चौकटींचं छत, आबनुसासारख्या काळ्या परदेशी लाकडाचं जडावकाम, इथल्या माएदा सरदारांच्या दरबारच्या चित्रकाराने रंगवलेली सरकती दारं आणि कागदी पडद्यांत बसवलेली जुनी काच. बैठकीसमोर बाग, आणि बागेतलं पाणी थेट ओसरीला टेकलेलं.

ही बैठक मात्र नोमुरांची नाही. ती कुठल्याच सामुराईची नाही. कागा प्रांताच्या किनाऱ्यावरच्या हाशिताते गावात कुबो हिकोबेई नावाचा एक गबर जहाजमालक होता. त्या भागातल्या दाइशोजी संस्थानाचा सरदार घरी आला तर त्याला बसवायला म्हणून त्याने या खोल्या बांधल्या. नोमुरांची मूळ वास्तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, शोवा काळाच्या सुरुवातीला, म्हणजे साधारण 1930 च्या आसपास, त्या खोल्या सुट्या करून इथे आणल्या आणि नोमुरांच्या जागेवर उभ्या केल्या.

हे कोणी दडवून ठेवलेलं नाही. माहितीपत्रकात कुबोचं नाव येतं. पण ते एका ओळीत येतं, आणि बाहेरच्या पाटीवर, नकाशावर, प्रवास कंपन्यांच्या जाहिरातीत राहतो तो फक्त ‘सामुराईचा वाडा’. हे कळल्यावर माणसं दोन प्रकारे बोलतात. एक म्हणतो, मग हे सगळं खोटंच की! दुसरा म्हणतो, जाऊ द्या हो, लोकांना सामुराई बघायचाय, बघू द्या. मला दोघांचंही पटत नाही. कुबोची बैठक इथे येणं हाच नोमुरा वाड्याच्या इतिहासाचा सगळ्यात बोलका भाग आहे, आणि ज्या वारशासाठी तिकीट किंवा सरकारी पैसा घेतला जातो, त्याने हा भाग पाटीवर आधी सांगितला पाहिजे.

त्यासाठी आधी हे घर होतं तरी काय, ते पाहू. माएदा तोशिइए 1583 साली कानाझावाच्या किल्ल्यात आला. त्याच्या पदरी नोमुरा देन्बेई नोबुसादा होता. माएदांचं कागा संस्थान पुढे दहा लाख कोकुंचं झालं. शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या, स्वतःच्या मुलखाखालोखाल सगळ्यात मोठं. एक कोकु म्हणजे सुमारे 180 लिटर तांदूळ, एका माणसाचं वर्षाचं पोट. नोमुरांची नेमणूक, म्हणजे वर्षाचं ठरलेलं वेतन, हजार ते बाराशे कोकुंची. त्यांना नागामाचीत हजार त्सुबोंहून मोठी, म्हणजे तीन हजार चौरस मीटरच्या वरची जागा मिळाली, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या ती त्यांच्याकडे राहिली.

पण ‘त्यांची’ म्हणायची ती कोणत्या अर्थाने? संस्थानी शहरात सामुराईला जागा मिळायची ती मालकाकडून, दर्जाप्रमाणे. नेमणूक वाढली तर मोठी, उतरली तर लहान, आणि मर्जी गेली तर तीही नाही. आपल्याकडे साहेबाला बंगला आणि कारकुनाला दोन खोल्या मिळतात, तसलंच हे क्वार्टर, फक्त मुदत दोन-अडीचशे वर्षांची. म्हणून सामुराईचा वाडा हा एका कुटुंबाच्या आवडीनिवडीपेक्षा एका पदाचा आकार असतो. दरवाजा केवढा, भिंत किती लांब, पाहुण्याला कोणत्या बाजूने आत घ्यायचं, यातलं बरंचसं पदच ठरवत असे.

मग पदच गेलं. 1869 मध्ये संस्थानिकांनी आपला मुलूख सम्राटाला ‘परत’ केला, 1871 मध्ये संस्थानं बरखास्त होऊन जिल्हे आले. 1876 हे सामुराईंचं सगळ्यात वाईट वर्ष. मार्चमध्ये तलवार बाळगायला बंदी, आणि त्याच वर्षी वंशपरंपरागत नेमणुका सक्तीने बंद करून त्यांच्या बदल्यात सरकारी रोखे. लोकसंख्येच्या पाच-सहा टक्के असलेला हा वर्ग एका पिढीत पगारी नोकरीतून रोख्यांच्या व्याजावर आला, आणि ते व्याज बहुतेकांना पुरण्याजोगं नव्हतं. रोखे विकले, धंदे काढले, बुडवले. सामुराईने काढलेला धंदा म्हणजे बुडणारच, अशी त्या काळात जपानमध्ये थट्टाच होती.

अशा माणसाला हजार त्सुबोंचा वाडा कशाला? छप्पर राखायचं कोणी, नोकरांचा पगार कुठून? नागामाचीत घरं मोडली, लाकूड विकलं, जागांचे तुकडे पडले. नोमुरांच्या जागेत भाजीपाला आणि फळझाडं आली. राहिल्या त्या मातीच्या भिंती, बागेचा काही भाग, कालव्यातून आत घेतलेलं पाणी आणि काही जुनी झाडं. त्यातलं एक यामामोमोचं, चारशे वर्षांचं म्हणतात. हिमालयात काफळ खाल्लेल्यांना त्याच्या लाल फळांची ओळख पटेल, कुळ एकच. नोमुरांच्या काळाचं इथे आज जे खात्रीने उभं आहे ते हे: झाड, पाणी, दगड. छप्पर नाही.

आता हाशितातेकडे वळू. कुबो हा कितामाएबुने जहाजांच्या धंद्यातला. ही जहाजं ओसाकाहून निघून पश्चिम किनाऱ्याने वर होक्काइदोपर्यंत जात, वाटेतल्या बंदरांत घेत आणि विकत. भाड्याने माल वाहण्यापेक्षा स्वतःचा माल फिरवण्यात कमाई. उत्तरेकडून येणारं हेरिंग माशांचं खत पश्चिमेकडच्या कापसाच्या आणि निळीच्या शेतांना लागायचं, आणि त्यात पैसा इतका होता की हाशितातेसारखं लहानसं गाव श्रीमंतांचं गाव म्हणून ओळखलं जाऊ लागलं. कागदोपत्री व्यापारी समाजाच्या तळाला, सामुराई शिखरावर. प्रत्यक्षात सरदारांना पैसा लागायचा आणि तो व्यापाऱ्याकडे असायचा. म्हणून तर एक जहाजमालक आपल्या घरात सरदारासाठी पायरीची उंच बैठक बांधतो आणि सरदार तिथे येऊन बसतो. कोण कोणाच्या उपकाराखाली, हे त्या खोलीला नीट ठाऊक होतं.

पुढे तार आली, आगबोट आली, रेल्वे आली. बंदराबंदरांतल्या भावांच्या फरकावर चालणारा धंदा तारेने मारला. नागामाचीचा सामुराई आणि हाशितातेचा जहाजमालक, दोघेही त्याच पन्नास वर्षांत, त्याच नव्या राज्याच्या धोरणांमुळे आणि यंत्रांमुळे मोडले. एकाची बाग उरली, दुसऱ्याची बैठक. ती एकमेकांना जोडली गेली तेव्हा दोन्ही घराण्यांचे दिवस सरलेले होते.

याला बनावट म्हणायचं? मला तर यात एकोणिसावं शतक जितकं स्वच्छ दिसतं तितकं एखाद्या अस्सल, अखंड, आदबशीर वाड्यातही दिसत नाही. अट एकच: जोड दिसली पाहिजे.

जोड न दाखवण्याचा तोटा साधा आहे. पाहणारा घरी जाऊन सांगतो की सामुराई असे राहायचे: आबनुसाच्या कोंदणात, हिनोकीच्या छताखाली, बागेकडे बघत. मानाची बैठक मनात राहते आणि तिच्यावरून अख्खा वर्ग ठरतो. प्रत्यक्षात बहुसंख्य सामुराई असे राहतच नव्हते. याच नागामाचीत, चालत काही मिनिटांवर, पायदळातल्या शिपायांची, आशिगारूंची, दोन घरं हलवून आणून ठेवली आहेत. फळ्यांच्या छपरावर वाऱ्याने उडू नये म्हणून दगड ठेवलेले, आत मोजक्या खोल्या, बाहेर चार भाज्या लावण्यापुरती जागा. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत या घरांत माणसं राहत होती. प्रवेश फुकट, गर्दी बेताची. निइगाता जिल्ह्यातल्या शिबाता शहरात तर आशिगारूंची आठ बिऱ्हाडांची अख्खी चाळ उभी आहे, 1842 ची, राष्ट्रीय पातळीवर जतन केलेली. किती परदेशी पाहुण्यांच्या यादीत ती असते? शिर कापून आणणाऱ्याच्या पत्रापुढे आठ बिऱ्हाडांची चाळ फिकी पडते, हे समजण्यासारखं आहे. पण पर्यटकाच्या आवडीवर इतिहासाची मांडणी सोडायची का, हा प्रश्न उरतोच.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. शुद्धतावादी म्हणतात, एकदा हलवलेल्या, जोडलेल्या, बदललेल्या घराला मान्यता दिली की मग धरबंद राहत नाही. कोणीही चार जुने खांब आणून सामुराईचा वाडा उभा करील. धोका खरा आहे. पण शुद्धतेच्या हट्टाने काय होतं तेही जपाननेच दाखवलंय. नागोया किल्ल्याचा मुख्य मनोरा 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळाला, 1959 मध्ये काँक्रीटचा बांधला. आता तो पाडून जुन्या मोजमापांबरहुकूम लाकडाचा बांधायची शहराची योजना आहे, आणि त्यात लिफ्ट असावी की नाही यावर वर्षानुवर्षं वाद चाललाय. अपंगांच्या संघटना म्हणतात, लोकांच्या पैशाने बांधताय तर आम्हालाही वर जाता आलं पाहिजे. दुसरे म्हणतात, सतराव्या शतकात लिफ्ट नव्हती. हे ऐकून मला पहिल्या बाजूचंच पटतं. सतराव्या शतकात तिकीटघरही नव्हतं, आणि सामान्य माणसाला त्या मनोऱ्यात पाऊलही टाकता येत नव्हतं.

शुद्धता म्हणजे कोणत्या वर्षाची शुद्धता, हे कोणीतरी ठरवतं. जपानमध्ये महत्त्वाच्या लाकडी इमारती दुरुस्त करताना कधीकधी पूर्ण सुट्या करतात. प्रत्येक तुळईवर खुणा, कुजलेला भाग कापून नवा तुकडा, आणि मग पुन्हा जुळवणी. जुन्या खाचा, खिळ्यांची भोकं, रंग बदललेल्या जागा पाहून सुतार आणि तज्ज्ञ ओळखतात की ही भिंत नंतरची, हे दार आधी दुसरीकडे होतं. मग बऱ्याचदा नंतरच्या भिंती काढून टाकतात आणि घर ‘मूळ’ रूपात नेतात. त्यात भाडेकरूने घातलेली भिंत जाते, विधवा सुनेने चालवलेली शिकवणी जिथे भरत असेल ती खोली जाते, आणि गरिबीची दीडशे वर्षं ओल्या फडक्याने पुसल्यासारखी निघून जातात. नोंदी ठेवून, अहवाल छापून सगळं होतं, हे कबूल. पण पाहायला येणारा अहवाल वाचत नाही.

त्याच सुतारांची एक रीत मात्र मला फार आवडते. बदललेल्या नव्या लाकडावर, सहसा न दिसणाऱ्या बाजूला, दुरुस्तीच्या सालाचा शिक्का डागून ठेवतात. पुढच्या वेळी घर उघडेल तेव्हा पुढच्या सुताराला कळावं, जुनं कुठलं आणि आमचं कुठलं. एवढाच प्रामाणिकपणा दर्शनी पाटीने दाखवावा, असं माझं म्हणणं आहे. शुद्धतावाद्यांच्या भीतीवरही तोच उतारा आहे. कुबोची बैठक कुठून आली, कोणाची होती, साधारण केव्हा आली, हे माहीत आहे, म्हणून ती पुरावा आहे. चार खांबांच्या बनावट वाड्यामागे असा माग नसतो.

शिवाय टिकलेल्या बऱ्याच गोष्टी शुद्ध राहिल्या म्हणून टिकलेल्या नाहीत. कामाला आल्या म्हणून टिकल्या. याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण यामागुची जिल्ह्यातलं हागी. मोरी सरदारांची ही राजधानी. 1863 मध्ये त्यांनी कारभार यामागुचीला हलवला, मग संस्थान गेलं, 1874 मध्ये किल्ला पाडला, आणि हागीत उरले बेकार सामुराई आणि मोठमोठी ओसाड आवारं. ओबाता ताकामासा नावाचा एक माजी अधिकारी गावी परतला होता. त्याने 1876 पासून या आवारांत नात्सुमिकान या आंबटसर, मोठ्या संत्र्यासारख्या फळाची लागवड सुरू करवली. झाडांना समुद्री वारा सोसत नाही. वारा अडवायला सामुराईंच्या उंच मातीच्या भिंती आयत्याच होत्या. घरं गेली, पण भिंती राहिल्या, कारण त्या आता इज्जतीसाठी नव्हत्या, पिकासाठी होत्या. पुढे बराच काळ हे फळ हागीची मोठी कमाई होऊन राहिलं. आज हागीच्या गल्लीत मातीच्या भिंतीवरून डोकावणारी पिवळी फळं दिसतात ती सजावट नव्हे. त्या भिंती अजून उभ्या का आहेत, त्याचं ते कारण आहे.

काकुनोदातेची गोष्ट वेगळी. उत्तरेकडच्या अकिता जिल्ह्यातलं हे गाव 1620 मध्ये आखलं गेलं. काळ्या लाकडी कुंपणांवरून ओघळणाऱ्या चेरीच्या फांद्यांचे फोटो आपल्याकडच्या सहलींच्या जाहिरातींतही दिसतात. तिथल्या इशिगुरो वाड्याच्या एका भागात वंशज अजून राहतात आणि उरलेला लोकांना दाखवतात. त्या गावात चेरीच्या सालीचे डबे, चहाच्या पेट्या बनतात. ती कला तिथल्या खालच्या दर्जाच्या सामुराईंनी संस्थानी काळातच जोडधंदा म्हणून उचलली, कारण नेमणुकीत भागत नव्हतं. दुकानातला तो डबा दोन तलवारींइतकाच सामुराई इतिहास आहे. पण फोटो तलवारींचा निघतो.

कायद्याने इथे काही बरं केलंय. होर्युजी या प्राचीन बौद्ध मंदिराच्या मुख्य दालनाला 1949 मध्ये आग लागून भित्तिचित्रं होरपळली, आणि 1950 मध्ये सांस्कृतिक वारशाचा कायदा आला. त्यात 1975 मध्ये सुधारणा करून एकट्यादुकट्या वास्तूऐवजी अख्ख्या वस्त्या जपायची सोय केली. पुढल्या वर्षी निवडलेल्या पहिल्या सात वस्त्यांत काकुनोदाते होतं आणि हागीच्या दोन वस्त्या होत्या. या रचनेत घराचं बाहेरचं रूप सांभाळायचं, आत मात्र माणसाने आपल्या सोयीने राहायचं. हा समंजस तोडगा आहे. राहत्या माणसाला हाकलून मिळालेली शुद्धता काय कामाची? हाशिताते स्वतः 2005 मध्ये अशा वस्त्यांत आलं. म्हणजे कुबोचं गावही आता जपलं जातंय, जहाजमालकांच्या नावाने, आणि त्याच गावातली एक बैठक नागामाचीत सामुराईच्या नावाने दाखवली जातेय.

पुणेकर वाचकाला या वादाचा एक तुकडा घरबसल्या पाहता येतो. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. कोराकुएन ही इकेदा सरदारांची बाग, 1700 च्या सुमारास पुरी झालेली, 1884 मध्ये लोकांसाठी खुली झालेली, 1945 च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेली, आणि मग संस्थानी काळच्या चित्रांवरून पुन्हा उभारलेली. पुण्याची बाग ही नक्कल आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तिच्यात कोणाची फसवणूक नाही. मूळ बागेचंही एकदा चित्रावरून पुन्हा घडणं झालंय, हे मात्र पुण्यात फारसं कोणी सांगत नाही. ते सांगितलं तर बागेची शान उतरत नाही, उलट ती बघायला एक कारण वाढतं.

पाट्या लांबलचक झाल्या तर कोण वाचणार, हा आक्षेप उरतो. बरोबर आहे, कोणी वाचणार नाही. म्हणून मी निबंध मागत नाही. डिसेंबरात नागामाचीच्या मातीच्या भिंतींवर गवताच्या चटया टांगतात, बर्फाने आणि दहिवराने माती फुगून गळू नये म्हणून, आणि मार्चमध्ये काढतात. दरवर्षी. ते बघायला पर्यटक येतात, फोटो काढतात, आणि भिंत दुरुस्त करत राहावी लागते हे न वाचता शिकून जातात. काम उघड्यावर झालं की माणसाला कळतं. तसंच बैठकीच्या उंबऱ्यापाशी, नोमुरांची जागा जिथे संपते आणि कुबोचं लाकूड जिथे सुरू होतं तिथे, दोन नावं समोरासमोर लिहावीत. हाशितातेहून नागामाचीपर्यंत लाकूड कसं आलं, एवढा एक नकाशा लावावा. आशिगारूंच्या घरांचा रस्ता त्याच तिकिटावर दाखवावा.

2015 मध्ये शिनकानसेन ही बुलेट ट्रेन कानाझावापर्यंत पोचली तेव्हापासून शहरात पाहुण्यांची कमी नाही, आणि किल्ल्यात 2001 मध्ये जुन्या पद्धतीने नवी लाकडी इमारत बांधण्याइतका पैसा आणि हुन्नर त्या जिल्ह्याकडे आहे. तिकिटाच्या मागच्या बाजूला कुबो हिकोबेईचं नाव आणि हाशितातेला जाणाऱ्या गाडीची माहिती छापायला त्यातलं किती लागेल?